एआर-१५ : अमेरिकेत सुटे भाग जोडून रायफल कशी बनते, आणि त्यात कायद्याच्या लेखी ‘बंदूक’ कोणता भाग?

टेबलावर पसरलेले सुटे भाग, एक पाना, दोन-चार पिना, आणि अर्ध्या मिनिटाच्या रीलच्या शेवटी तयार रायफल. अमेरिकेतले असे व्हिडिओ आपल्याकडेही भरपूर पाहिले जातात. पाहणाऱ्याला दोन प्रश्न हमखास पडतात : हे खरंच इतकं सोपं आहे का, आणि हे कायदेशीर कसं? जोडणी तशी सोपी आहे. अवघड आहे ती भागांची निवड, आणि त्याहून अवघड आहे त्यामागचा कायदा.

आधी ‘एआर’चा अर्थ

एआर म्हणजे ‘असॉल्ट रायफल’ हा गैरसमज इतका रुजला आहे की बातम्यांमध्येही तो दिसतो. ही अक्षरं आर्मालाइट या कंपनीच्या नावातून आली. १९५०च्या दशकात युजीन स्टोनर या अभियंत्याने तिथे हलकी, अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याची रायफल तयार केली. १९५९मध्ये कंपनीने एआर-१५चे हक्क कोल्टला विकले. तिचं लष्करी रूप एम-१६ म्हणून व्हिएतनाम युद्धात गाजलं आणि नागरिकांसाठी सेमी-ऑटोमॅटिक रूप १९६०च्या दशकात बाजारात आलं. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. रिकामं काडतूस बाहेर फेकणं आणि पुढचं आत घेणं ही कामं रायफल स्वतः करते. चाप दाबून धरला तर गोळ्यांची बरसात होत नाही.

१९७७मध्ये स्टोनर यांच्या मूळ पेटंटची मुदत संपली आणि खेळ बदलला. मापं लष्करी आराखड्यानुसार ठरलेली होती, त्यामुळे कोणतीही कंपनी त्या मापाची नळी, बोल्ट किंवा दस्ता बनवू शकत होती. लॅमिंग्टन रोडवरून मदरबोर्ड एका दुकानातून आणि रॅम दुसऱ्या दुकानातून आणून कॉम्प्युटर जोडणाऱ्यांना हा प्रकार लगेच कळेल. एका कंपनीची नळी दुसऱ्या कंपनीच्या सांगाड्यात बसते, निदान बसायला हवी.

बंदूक नेमकी कोणती?

एआर-१५चे दोन मुख्य अर्धे असतात. वरच्या अर्ध्यात (अप्पर रिसीव्हर) नळी आणि बोल्ट बसतो, खालच्या अर्ध्यात (लोअर रिसीव्हर) चापाची यंत्रणा आणि मॅगझीन. दोन पिनांनी ते एकमेकांना जोडलेले असतात. अमेरिकेच्या १९६८च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टनुसार बंदुकीची ‘फ्रेम किंवा रिसीव्हर’ हीच बंदूक मानली जाते, आणि एआर-१५च्या बाबतीत एटीएफ ही केंद्रीय यंत्रणा लोअरला तो मान देते. त्यावर अनुक्रमांक असतो. तो परवानाधारक विक्रेत्याकडून घेताना ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. मात्र नळी, बोल्ट, चाप, दस्ता हे सगळं बहुतेक राज्यांत साध्या कुरियरने घरी येतं. गोळी ज्यातून सुटते ती नळी कायद्याच्या लेखी लोखंडाचा तुकडा, आणि अ‍ॅल्युमिनियमचा पोकळ ठोकळा मात्र बंदूक!

ही विसंगती न्यायालयांच्याही नजरेतून सुटली नाही. जुन्या नियमात रिसीव्हर म्हणजे हातोडी, बोल्ट आणि फायरिंगची यंत्रणा सामावणारा भाग अशी व्याख्या होती. एआर-१५मध्ये हातोडी खाली आणि बोल्ट वर असतो, त्यामुळे एकटा लोअर या व्याख्येत पुरता बसतच नाही. काही खटल्यांत बचाव पक्षाने हाच मुद्दा मांडला. अखेर २०२२मध्ये एटीएफने नियम बदलून ही फट बुजवली.

निवड कुठून सुरू होते?

नवखे लोक दस्ता आणि दुर्बिणीपासून सुरुवात करतात, कारण फोटोत तेच दिसतं. पण रायफलची खरी कुवत नळीत आणि बोल्टमध्ये असते, आणि पैसा वाचवायचा तर या दोन जागी वाचवू नये.

नळी निवडताना पहिला प्रश्न काडतुसाचा. .२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ नाटो ही काडतुसं बाहेरून जवळपास सारखी, पण ५.५६च्या चेंबरमध्ये गोळीपुढे थोडी जास्त मोकळी जागा असते. म्हणून ५.५६च्या नळीत .२२३ चालतं, उलट केलं तर दाब धोकादायक पातळीवर जाऊ शकतो. दोन्ही चालावीत म्हणून ‘.२२३ वायल्ड’ नावाचं मधलं चेंबर निघालं आणि ते बरंच लोकप्रिय आहे.

दुसरा प्रश्न नळीच्या आतल्या पेचांचा. १:७ म्हणजे गोळी दर ७ इंचांत एक पूर्ण फिरकी घेते. सुरुवातीच्या एम-१६मध्ये ५५ ग्रेनच्या, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅमच्या गोळीसाठी १:१२ पुरत असे. गोळी लांब आणि जड झाली की जास्त फिरकी लागते, नाहीतर ती हवेत डळमळते. म्हणून एम-१६ए२ला १:७ आलं. नागरी वापरात १:८ हा सगळ्यांना पटणारा तोडगा आहे. नळीला आतून क्रोमचा मुलामा असेल तर ती जास्त टिकते, अचूक नेमबाजीसाठी मात्र अनेकांची पसंती स्टेनलेस स्टीलला.

तिसरा प्रश्न गॅसचा. गोळी सुटल्यावर नळीतला थोडा गॅस एका छिद्रातून मागे येतो आणि बोल्ट ढकलतो. हे छिद्र चेंबरपासून जितकं लांब, तितका तिथला दाब कमी. कार्बाइन प्रकारात ते साधारण ७ इंचांवर, मिड-लेंग्थमध्ये ९ आणि रायफल प्रकारात १२ इंचांवर असतं. १६ इंची नळीला मिड-लेंग्थ लावली की धक्का सौम्य होतो आणि बोल्टवरचा ताणही घटतो.

बोल्टसाठी कार्पेंटर १५८ किंवा ९३१० या पोलादांची नावं ऐकू येतात. चांगल्या बोल्टची चुंबकीय पद्धतीने सूक्ष्म तड्यांसाठी तपासणी झालेली असते. बाकी चाप, मूठ, हँडगार्ड हा बराचसा आवडीचा भाग. लष्करी मापाचा साधा चाप ओढायला सुमारे अडीच ते सव्वाचार किलोचा जोर लागतो, म्हणून बरेच जण तो बदलतात.

जिथे ‘सगळं सगळ्यात बसतं’ हे खोटं ठरतं

दस्ता ज्या नळकांड्यावर सरकतो त्याची ‘मिल-स्पेक’ आणि ‘कमर्शियल’ अशी दोन मापं आहेत. फरक अर्धा मिलिमीटर, पण तेवढ्याने दस्ता अडतो किंवा खुळखुळतो. .३०८च्या मोठ्या एआर रायफलींमध्ये तर सर्वमान्य मापच नाही; डीपीएमएस आणि आर्मालाइट असे दोन आराखडे आहेत आणि त्यांचे भाग एकमेकांना जुळतीलच असं नाही.

हे झाले पैशाचे अपघात. जिवाचा अपघात .३०० ब्लॅकआउटचा. हे काडतूस ५.५६च्याच मॅगझीनमध्ये मावतं, त्याच बोल्टवर चालतं, फरक फक्त नळीचा. पण त्याची गोळी सुमारे ७.८ मिमी जाडीची, आणि ५.५६ची ५.७ मिमी. चुकून ते ५.५६च्या नळीत गेलं, तर गोळी कवचात मागे दबून बोल्ट बंद होऊ शकतो. अशा वेळी चाप ओढला की रायफल हातातच फुटते. दोन्ही प्रकार बाळगणारे लोक म्हणूनच मॅगझीनला रंगीत पट्टे लावून ती वेगळी ठेवतात. नळी आणि बोल्ट वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतले असतील तर दोघांमधलं अंतर गेजने तपासणं ही दुसरी गोष्ट, जी रीलमध्ये सहसा दिसत नाही.

कायद्याच्या खुंट्या

स्वतःच्या वापरासाठी रायफल जोडायला केंद्रीय परवाना लागत नाही. विकण्यासाठी बनवायची तर लागतो. दस्ता असलेल्या रायफलीची नळी १६ इंचांपेक्षा आखूड झाली की १९३४चा नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट लागू होतो. आधी मंजुरी आणि नोंदणी न करता ती बाळगल्यास १० वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. परदेशी भाग वापरले तर ठरावीक यादीतले १० पेक्षा जास्त आयात भाग चालत नाहीत. राज्यांचे नियम आणखी वेगळे. कॅलिफोर्नियात सुटं मॅगझीन आणि पिस्तुलासारखी मूठ किंवा सरकता दस्ता एकत्र आला की ती रायफल ‘असॉल्ट वेपन’ ठरते.

अनुक्रमांक नसलेल्या, अर्धवट घडवलेल्या भागांपासून बनणाऱ्या ‘घोस्ट गन’चा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. विकत घेतलेल्या संचातून एका नवख्या माणसाने २१ मिनिटांत पिस्तूल तयार केल्याचा दाखला निकालात आहे. २६ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी २०२२चा नियम कायम ठेवला. निकाल न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी लिहिला.

पुण्या-मुंबईहून तिकडे गेलेल्यांसाठी

एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेत बंदूक किंवा काडतुसं बाळगण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना हा मुख्य अपवाद. रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेली रायफलही यातून सुटत नाही, आणि मित्राने सहज हातात दिलेला नुसता लोअरसुद्धा ‘बंदूक’च असतो. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, शिवाय हद्दपारीची टांगती तलवार. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही.

भारतात तर सगळा हिशेबच उलटा आहे. १९५९च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्रा’च्या व्याख्येतच शस्त्राचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रंही येतात. पूरक भागांसोबत वापरण्याचा हेतू नसलेल्या किरकोळ भागांपुरतीच सूट आहे. त्यामुळे तिकडे कुरियरने येणारी नळी इथे सामानात सापडली, तर ती लोखंडाचा तुकडा राहत नाही. विनापरवाना शस्त्र बनवण्याची शिक्षा २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं ते जन्मठेप आहे, आणि परवानाधारकालाही दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत. या घराण्याची रायफल भारतात दिसते ती जवानांच्या हातात : २०१९च्या करारात लष्कराने घेतलेल्या ७२,४०० सिग-७१६ रायफली एआरच्याच आराखड्यावरून आलेल्या आहेत.