गाडीच्या छताचे अस्तर : झोळ का पडतो आणि कापडाऐवजी काय लावावे

आठ-दहा वर्षे वापरलेल्या मोटारीत मागच्या सीटवर बसले की अनेकदा डोक्याला काहीतरी मऊ लागते. वर पाहिले तर छताचे कापड ओल्या चादरीसारखे लोंबत असते. सुरुवातीला मागच्या काचेजवळ एवढासा फुगा दिसतो, नंतर तो पुढे सरकतो आणि एक दिवस आरशातून मागचा रस्ता दिसेनासा होतो. तेव्हा कुठे मालकाला जाग येते. तोवर टाचण्या टोचून, दोन बाजूंनी चिकटणारी टेप लावून वेळ मारून नेलेली असते.

अशा वेळी दोष कापडाला दिला जातो, पण कापड बहुधा शाबूत असते. छताचे अस्तर तीन थरांचे असते. पत्र्याखाली काचतंतू, ताग किंवा दाबलेल्या फोमचा साच्यात घडवलेला तक्ता असतो. त्याखाली दोन-तीन मिलिमीटर जाडीचा पॉलियुरेथेन फोम आणि या फोमला चिकटलेले विणीचे पातळ कापड असते. यात प्रथम मरतो तो फोम. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हाताला चटका देण्याइतका तापतो आणि ती धग वर्षानुवर्षे फोम सोसत राहतो. त्यात दमट हवेतील पाण्याच्या अंशाने फोमचे रेणू हळूहळू तुटतात. शेवटी त्याची पिवळसर, चिकट पूड होते. गोव्यासारख्या किनारी प्रदेशात ऊन आणि ओल दोन्ही भरपूर असल्याने हे लवकर घडते.

एवढे ध्यानात आले की नेहमीच्या दुरुस्तीतील चूकही कळते. सुटलेल्या कापडामागे सोल्यूशन फवारून ते पुन्हा दाबून बसवले, तर ते तक्त्याला नव्हे, मेलेल्या फोमच्या भुकटीला चिकटते. आमच्या घरच्या गाडीचे असेच झाले. एप्रिलमध्ये एका कारागिराने तासाभरात काम करून दिले, मे संपण्यापूर्वी झोळ पुन्हा पडला आणि वर सोल्यूशनचे तपकिरी डाग राहिले ते वेगळेच. दुरुस्ती टिकायची तर तक्ता बाहेर काढून फोमचा अंश न् अंश खरवडावा लागतो. एवढे कष्ट घ्यायचेच असतील, तर पुन्हा फोमचेच कापड लावावे का, हा प्रश्न रास्त ठरतो.

कापडाला पर्याय ही काही नवी कल्पना नाही. जुन्या अॅम्बेसेडर व पद्मिनीच्या छताला पोलादी काड्यांवर ताणलेले रेक्झीन असे. मागे फोम नसल्याने गळून पडायला काही नव्हतेच. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत चालकांनी हौसेने लावलेली फुलाफुलांची छते अनेकांना आठवत असतील. साध्या प्रवासी बसमध्येही वर कापड नसते, पुसता येईल असा कडक पृष्ठभाग असतो. रोज शेकडो माणसे चढ-उतार करणाऱ्या वाहनाला कापड परवडत नाही, हे त्यामागचे साधे व्यवहारज्ञान.

घरगुती मोटारीसाठी सर्वांत उजवा पर्याय आजही रेक्झीन, म्हणजे विनाइलच आहे. मात्र ते निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पाठीला विणीचे कापड असलेलेच घ्यावे. विनाइल मऊ राहावे म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेले असते. पाठ उघडी असेल तर ते द्रव्य गोंदात उतरते, गोंद लिबलिबीत होतो आणि वर्षभरात पुन्हा तीच रड. दुसरे, रेक्झीन दोन्ही दिशांना थोडे ताणले जाणारे असावे. छताला दिव्याचा खळगा आणि सनव्हायझरची खाच असते, तिथे न ताणणारे रेक्झीन सुरकुतते. तिसरे, बारीक छिद्रांचे रेक्झीन मिळाले तर आपल्या हवेला ते अधिक मानवते. अखंड रेक्झीनमागे पावसाळ्यात ओल कोंडते, तिला वाट मिळाली नाही तर बुरशीचा वास गाडीभर पसरतो. रंग फिका आणि पोत निस्तेज असावा, चकचकीत छताचे प्रतिबिंब काचेत पडते. पन्हा सामान्यतः चौपन्न इंची असल्याने लहान मोटारीला दोन मीटर पुरते, तरी आपला तक्ता मोजूनच खरेदी करावी.

दुसरा पर्याय तक्ताच रंगवण्याचा. काचतंतूचा तक्ता सुस्थितीत असेल तर त्यावर पातळ भराव देऊन, घासून, खरखरीत पोताचा रंग फवारता येतो. सुटण्याजोगे काही उरतच नाही, हा याचा मोठा गुण. मालवाहू व्हॅनला हे उत्तम, कुटुंबाच्या गाडीत थोडे रुक्ष दिसते. रंगाचा वास जाईपर्यंत तक्ता काही दिवस बाहेर वाऱ्यावर ठेवावा लागतो.

कॉर्कच्या पातळ पत्र्यांचाही उपयोग करता येतो. कॉर्क हलका असतो, उष्णता व आवाज अडवतो आणि ओलीला दाद देत नाही. ओक जातीच्या एका झाडाची ही साल, आणि जगात तिचे सर्वाधिक उत्पादन पोर्तुगालमध्ये होते. गोव्यातून गेलेल्या राज्यकर्त्यांच्या देशातील वस्तू इथल्या गाडीच्या छताला लागावी, हा योगायोग गमतीचा. खोल वळणांवर मात्र कॉर्क तडकतो, म्हणून तो सपाट छताच्या व्हॅनलाच शोभतो. लाकडी पट्ट्या आणि अॅल्युमिनियमचे संयुक्त पत्रे यांची छायाचित्रे फिरत्या घरांसारख्या गाड्यांत मोहक दिसतात, पण त्यांच्याबाबत सावध राहावे. डोक्यावर अर्धा वीत अंतरावर कडक, टोकदार वस्तू असणे अपघातात जिवावर बेतू शकते.

याहून महत्त्वाचा प्रश्न एअरबॅगचा. अनेक नव्या गाड्यांत दारांवरच्या छताच्या कडेला पडदा-एअरबॅग गुंडाळून ठेवलेली असते. धडक होताच ती अस्तराची कड ढकलून क्षणार्धात खाली उघडते. ती कड गोंदाने वा स्क्रूने पक्की केली, तर पडदा अडतो. त्यावर कडक पट्टी लावली, तर तीच प्रवाशाच्या अंगावर उडते. अशा गाडीला पातळ, लवचिक अस्तराखेरीज काही लावू नये आणि तक्ता उतरवण्याचे काम त्या यंत्रणेची माहिती असलेल्यांकडूनच करून घ्यावे. आगीचाही विचार हवा. मोटारीतील अस्तरे किती वेगाने पेट घेतात याची मानके ठरलेली असतात, अमेरिकेत ही मर्यादा मिनिटाला १०२ मिलिमीटर आहे. पडद्याचे किंवा सोफ्याचे कापड त्या कसोटीला उतरलेले असेलच असे नाही. वाहनांसाठी म्हणून विकले जाणारे साहित्यच मागावे.

प्रत्यक्ष कामात घाई नडते. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवून थोडा वेळ थांबावे. मग हँडल, सनव्हायझर, दिवा आणि खांबांवरची आवरणे उतरवावीत. तक्ता डिकीच्या दारातून, दोघांनी धरून, न वाकवता काढावा. एकदा पडलेली घडी नव्या अस्तराखालूनही दिसते. फोमची पूड नायलॉनच्या ब्रशने कोरडीच झाडावी, पाणी लावू नये. काचतंतू अंगाला खाजतात आणि श्वासात जातात, म्हणून मास्क व हातमोजे हवेत. उष्णता सोसणारे, वाहनांच्या छतासाठीच असलेले सोल्यूशन घ्यावे. स्वस्तातले उन्हाळ्यात मऊ पडते. ते दोन्ही पृष्ठभागांवर फवारून, बोटाला चिकटेल पण निघणार नाही इतके सुकू द्यावे. मग मध्यापासून कडांकडे दाबत जावे. खळग्यात रेक्झीन ताणून नव्हे, बोटांनी आत बसवून चिकटवावे, कारण ताणलेली जागाच प्रथम सुटते. कडेला तीन-चार बोटे जादा ठेवून ती मागे दुमडावीत. वायुविजन असावे आणि जवळपास ज्योत नसावी. तक्ता एक दिवस तसाच ठेवून मग चढवावा.

हे काम जून ते सप्टेंबरमध्ये काढू नये. सोल्यूशनमधील द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर जमते आणि पकड कच्ची राहते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस योग्य. तक्ता बाहेर असतानाच छताच्या पत्र्यावर पाण्याचे ओघळ दिसतात का ते पाहावे. सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या तुंबल्या असतील किंवा कॅरियरच्या स्क्रूतून पाणी झिरपत असेल, तर ते आधी थांबवावे. फोम गेल्याने पावसाचा आवाज वाढतो, त्यासाठी पत्र्याला आतून चिकटणारी ब्यूटाइलची पत्री लावायची वेळही हीच.