राजाजीनगरची टूल रूम आणि यांत्रिक आरेखनाचे शिक्षण

यांत्रिक आरेखन म्हणजे यंत्राचा भाग दर्शने, छेद आणि मापे यांच्या साहाय्याने असा रेखाटणे, की तो कधीही न पाहिलेल्या कारागिरालाही अचूक घडवता यावा. १८८७ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर हा विषय शिकवीत असत. रंगज्ञानातील दोषामुळे जे. जे. कलाशाळेतील चित्रकला सोडून ते या विद्येकडे वळले होते. त्यांचे पुत्र रवी किर्लोस्कर यांनी १९४६ साली बंगळुरूत किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी स्थापन केली आणि पुढे तेथील राजाजीनगरच्या औद्योगिक उपनगराशी किर्लोस्कर हे मराठी नाव जोडले गेले.

अशा कारखान्यांत बनणाऱ्या विजेच्या मोटारीचा गाभा पातळ पोलादी चकत्यांची चळत रचून तयार होतो. या चकत्या, ज्यांना कारखान्यात स्टॅम्पिंग म्हणतात, पंच आणि डाय यांच्या जोडीने पत्र्यातून कापल्या जातात. पंच हा वरून दाबणारा कापक आणि डाय ही त्याला सामावून घेणारी खालची पोकळी होय; दोहोंमध्ये पत्र्याच्या जाडीनुसार ठेवलेल्या फटीस क्लिअरन्स म्हणतात. पत्रा अर्धा मिलिमीटर जाड असून प्रत्येक बाजूस जाडीच्या पाच टक्के फट ठेवायची असेल, तर ४० मिलिमीटरच्या छिद्रासाठी पंच ४० चा आणि डाय ४०.०५ ची करावी लागते. मात्र १०० मिलिमीटरची चकतीच हवी असेल, तर डाय १०० ची ठेवून पंच ९९.९५ चा करतात, कारण छिद्राचे माप पंच ठरवतो आणि चकतीचे डाय. ज्या अभ्यासक्रमात हा भेद केवळ सूत्र म्हणून पाठ होतो, तो अपुराच म्हणावा लागेल.

ही उणीव भरून काढणारी व्यवस्था राजाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीतील शासकीय टूल रूम व प्रशिक्षण केंद्रात उभी राहिली. डेन्मार्क सरकारच्या साहाय्याने १९७२ साली स्थापन झालेल्या या केंद्राच्या टूल अँड डाय मेकिंग पदविकेत तीन वर्षांच्या शिक्षणानंतर एक वर्ष कारखान्यातील प्रशिक्षणाचे असते. विद्यार्थी आरेखन शिकतो आणि कानस, लेथ, मिलिंग व ग्राइंडिंग यांवर हातही बसवतो. त्यामुळे कागदावर सहज लिहिलेले शतांश मिलिमीटरचे माप धातूत उतरवताना किती श्रम मागते, हे त्याला पुरते उमगते. आरेखक आणि कारागीर यांच्यातील दरी बुजवण्याचा हा मार्ग निव्वळ पुस्तकी शिक्षणापेक्षा निःसंशय मोलाचा होता.

पुढे संगणकाधारित आरेखनामुळे ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग कागद मागे पडले, दुरुस्त्या सोप्या झाल्या आणि नकाशावरून थेट संगणकचलित यंत्राला सूचना देता येऊ लागल्या. तरीही क्लिअरन्स योग्य आहे की नाही याचा निवाडा पहिल्या नमुन्यावरच होतो: कापलेल्या कडेला बर, म्हणजे धातूची धारदार कोर, उठली असेल, तर फट प्रमाणाबाहेर आहे किंवा धार बोथटली आहे, असे समजून पंच-डायचे टूल पुन्हा उघडावे लागते.