बर्फावरचा पत्ता

शिकारीला जाताना सोबत न्यायला हातात मावणारा जीपीएस कोणता घ्यावा? आपल्याकडे हा प्रश्न कुणी विचारत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात शिकारीचा छंद संपला, तो गुन्हा झाला. पण नकाशावर खूप वर, कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात इग्लूलिक नावाचं एक छोटं बेट आहे. तिथल्या इनुइट लोकांसाठी शिकार म्हणजे घरातलं जेवण: सील, वॉलरस, कॅरिबू. दुकानातलं सामान दक्षिणेकडून विमानाने किंवा जहाजाने येतं आणि भयंकर महाग पडतं. तिथे जीपीएस निवडताना चूक झाली, तर पैसे वाया जाण्यावर भागत नाही. माणूस परत येत नाही.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे एखादं यंत्र नव्या जागी गेलं की तिथे आधी कोणतं ‘यंत्र’ चालू होतं, हे बघायची सवय आहे. इग्लूलिकमध्ये आधीचं यंत्र जबरदस्त होतं.

हे बेट साधारण ६९ अंश उत्तरेला आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य जानेवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाही. होकायंत्र घ्यावं तर तेही धड चालत नाही. जेम्स क्लार्क रॉसला १८३१ साली चुंबकीय उत्तर ध्रुव सापडला तो इग्लूलिकच्या पश्चिमेला, बूथिया द्वीपकल्पावर. नंतर तो उत्तरेकडे सरकत गेला. पण ध्रुवाच्या आसपासच्या या साऱ्या मुलखात चुंबकीय ओढ जवळजवळ सरळ खाली असते. सुईला आडवं फिरवणारा जोर उरतच नाही, आणि ती बिचारी कुठेही थांबते.

मग लोक वाट कशी शोधत? बर्फाकडे बघून. तिथे वायव्येकडून एक जोरदार वारा येतो, त्याला उआंग्नाक म्हणतात. त्याच्या माऱ्याने जिभेच्या आकाराचे कडक बर्फाचे उंचवटे तयार होतात. त्यांचं नाव उकालुराइत. वादळाने वर भुसभुशीत बर्फ पडला तरी खालचे उंचवटे टिकतात आणि सगळे एकाच दिशेने असतात. त्यांना ठरावीक कोनात छेदत गेलं की अंधारातही दिशा सुटत नाही. घसरगाडीला बसणाऱ्या धक्क्यांवरून कोन कळतो. जोडीला तारे, समुद्राचे प्रवाह, दगड रचून केलेले इनुकसुक आणि शेकडो ठिकाणांची नावं. बर्फावरच्या वाटा दर उन्हाळ्यात वितळतात आणि पुढच्या हिवाळ्यात जवळपास तिथेच पुन्हा उमटतात, कारण त्या माणसांच्या डोक्यात असतात.

या डोक्यातल्या नकाशाची परीक्षा एका ब्रिटिश कप्तानाने घेतली आहे. १८२१-२२च्या हिवाळ्यात विल्यम एडवर्ड पॅरीची जहाजं इग्लूलिकच्या दक्षिणेला बर्फात अडकून उभी होती. तिथे इलिग्लिउक नावाच्या इनुइट बाईने त्याला पुढचा किनारा कागदावर काढून दिला आणि पश्चिमेकडे जाणारा पाण्याचा रस्ता दाखवला. उन्हाळ्यात पॅरी तिकडे गेला तर सामुद्रधुनी खरंच तिथे होती. त्याने तिला आपल्या दोन जहाजांची नावं दिली, फ्युरी आणि हेक्ला. नकाशावर आजही तीच नावं आहेत. रस्ता सांगणारीचं नाव त्या पाण्याला मिळालं नाही.

आता जीपीएसकडे येऊ. पहिला उपग्रह १९७८ साली वर गेला. हे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळ आणि आपली जागा सांगत राहतात. चार उपग्रहांचे संदेश किती उशिरा पोचले यावरून आपलं यंत्र स्वतःची जागा काढतं. हिशोबात सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला तर अंतर ३०० मीटरने चुकतं. मुळात ही लष्करी यंत्रणा. १९८३ साली वाट चुकलेलं कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडलं आणि त्यानंतर रेगन सरकारने जीपीएस नागरी वापरासाठी खुला ठेवण्याचं जाहीर केलं. १९८९ साली मॅगेलन कंपनीचा नॅव्ह १००० बाजारात आला. सामान्य माणसाला विकत घेता येईल असा हा पहिला हातातला जीपीएस, किंमत सुमारे ३,००० डॉलर.

त्यात एक मेख होती. नागरी सिग्नल मुद्दाम बिघडवलेला असे, त्यामुळे जागा १०० मीटरपर्यंत चुकायची. गाव शोधायला तेवढं पुरतं. पण दगडांखाली पुरून ठेवलेलं वॉलरसचं मांस हिवाळ्यात शोधायचं असेल तर १०० मीटरचं वर्तुळ म्हणजे दिवसभराचं खोदकाम. २ मे २००० रोजी अमेरिकेने हा बिघाड काढून टाकला आणि चूक एका रात्रीत १०-२० मीटरवर आली. त्याच वर्षी गार्मिनचा ई-ट्रेक्स आला: वजन साधारण १५० ग्रॅम, दोन पेन्सिल सेलवर सुमारे २२ तास.

इग्लूलिकमध्ये जीपीएस १९९०च्या दशकाच्या मध्यावरच पोचला होता, तो वॉलरसच्या शिकारीसाठी. होडी किनाऱ्यापासून लांब जाते, धुकं उतरतं, आणि पूर्वी ते विरेपर्यंत थांबावं लागे. आता थांबायची गरज उरली नाही. या यंत्राने जीव वाचवले, हे आधी मान्य करू.

पण कोणता घ्यावा? तिथे उणे ३० अंशांत साधे अल्कलाइन सेल माना टाकतात, लिथियमचे बरेच टिकतात. म्हणून सेल बदलता येणारं यंत्र बरं, आणि ते अंगरख्याच्या आत, शरीराच्या उबेत ठेवायचं, कारण गारठ्यात पडदाही मंदावतो. जाड हातमोज्यांत टचस्क्रीन निरुपयोगी, बटणं हवीत. इलेक्ट्रॉनिक होकायंत्राचे जास्तीचे पैसे तिथे भरू नयेत, तेही चुंबकावरच चालतं. आणि कागदी नकाशा जुना असेल तर यंत्रात तीच जुनी मोजणी-पद्धत निवडायची, नाहीतर दोन्हींतली जागा काही दहा मीटरपासून शंभरावर मीटरपर्यंत सरकते.

इतकं सगळं नीट निवडलं तरी एक गोष्ट दुकानात मिळत नाही. जीपीएसचा पत्ता पृथ्वीचा असतो, बर्फाचा नसतो. तरंगत्या बर्फावर तंबू ठोकून जागा साठवली आणि सहा तासांनी परत आलात, तर यंत्र तुम्हाला अचूक तिथे नेईल जिथे आता पाणी आहे. तंबू बर्फासोबत पुढे गेलेला. घराकडे जायचं म्हटलं तर पडद्यावर सरळ रेघ उमटते. ती रेघ पातळ बर्फावरून जाते की भेगेवरून, याचा उपग्रहाला पत्ता नसतो. जुनी वाट वळण घेऊन जायची आणि त्या प्रत्येक वळणाला कारण असायचं.

आपल्याकडे रानात माणूस फिरून फिरून तिथेच आला की ‘चकवा लागला’ म्हणतात. चकव्यात आपण कुठे आहोत ते कळत नाही. हा नवा चकवा उलटा आहे: आपण कुठे आहोत ते पाच-दहा मीटरपर्यंत कळतं, पण आपण कशावर उभे आहोत ते कळत नाही.

२००५ साली क्लाउडिओ अपोर्ता आणि एरिक हिग्ज या अभ्यासकांनी इग्लूलिकमधल्या याच बदलावर एक निबंध लिहिला. त्यांनी तत्त्वज्ञ अल्बर्ट बोर्गमनचा विचार वापरला: उपकरण आपल्याला फळ देतं आणि त्यामागची मेहनत नजरेआड करतं. गावातल्या जुन्या शिकाऱ्यांची काळजी साधी होती. ज्यांना वाट माहीत आहे त्यांच्या हातात जीपीएस म्हणजे जास्तीचं साधन. ज्या पोरांनी उकालुराइत कधी पायाखाली ओळखले नाहीत, त्यांच्या हातात तो एकमेव आधार, आणि तोही सेलवर चालणारा. १९६०च्या दशकापासून आलेल्या स्नोमोबाइलने निम्मं काम आधीच केलं होतं. कुत्र्यांची गाडी हळू चाले, पोराला बघायला वेळ मिळे, आणि वादळात कुत्री घर शोधत. स्नोमोबाइलला घर माहीत नसतं.

गोष्ट इथे संपत नाही. २०१९ साली सिकू नावाचं ॲप सुरू झालं. सिकू म्हणजे समुद्राचा बर्फ. त्यात शिकारी स्वतः बर्फाची अवस्था, धोक्याच्या जागा, प्राण्यांच्या नोंदी आणि आपल्या भाषेतली ठिकाणांची नावं टाकतात. उपग्रह आकडे देतो, आणि त्या आकड्यांवर काय आहे ते माणसं सांगतात.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला यातून एक गोष्ट कळते. प्रत्येक उपकरण वापरणाऱ्याबद्दल काही गृहीत धरतं. हातातल्या जीपीएसने गृहीत धरलं की जमीन जागची हलत नाही आणि चालणाऱ्याला ती वाचता येते. इग्लूलिकमध्ये पहिलं गृहीत कधीच खरं नव्हतं. दुसरं आजवर खरं होतं, ते पुढे राहील की नाही हे कुठल्याही मॉडेलच्या डब्यावर लिहिलेलं नसतं. ते घरातला मोठा माणूस पोराला सोबत नेतो की नाही, वाटेत गाडी थांबवून पायाखालचा बर्फ दाखवतो की नाही, यावर ठरतं.