ब्रेक फेल झाला: दोष कोणाचा?

कोंडाईबारी घाटात ट्रक उलटला की दुसऱ्या दिवशी ठरलेलं वाक्य कानावर येतं, ‘ब्रेक फेल झाला.’ उद्या याच सुरत-धुळे महामार्गावर स्वतः चालणारी गाडी आली, तर या वाक्याचा कायद्यातला इतिहास आपल्याला उपयोगी पडेल.

1939च्या मोटार वाहन कायद्याच्या काळात चूक शोधायची ती चालकाची आणि भरपाई द्यायची ती मालकाने. 1946 पासून त्रयस्थाचा विमा सक्तीचा झाला, म्हणजे पैसा विमा कंपनीचा. गाडी बनवणारा या चित्रात नव्हताच. पुढे एका लॉरीच्या अपघातातून मिनू मेहता खटला उभा राहिला. यंत्रच बिघडलं, असा बचाव होता. निष्काळजीपणा सिद्ध करायची गरज नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाचं मत 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने मानलं नाही. मात्र दोष दडलेला होता, नीट काळजी घेऊनही सापडला नसता, हे मालकानेच दाखवायचं, असं बजावलं. आम्हाला हे फार मोलाचं वाटतं. ज्याच्या हातात यंत्र, त्यानेच त्याचा हिशेब द्यायचा!

1982 साली चूक न शोधताही भरपाई आली: मृत्यूला 15,000 रुपये, कायमच्या अपंगत्वाला 7,500. रक्कम तुटपुंजी, पण कायद्याने एक पाऊल टाकलं. देणारा मात्र मालकच.

आता निष्काळजीपणा हा माणसाचा दोष. संगणकाला तो कसा लावणार? 2018 मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेंपी गावी चाचणीतल्या अशा गाडीखाली एक पादचारी बाई गेली. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही, तो झाला चाकामागे बसलेल्या बाईवर. माणूस सापडला ना, मग झालं!

आपल्याकडे 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूसाठी उत्पादकाला जबाबदार धरलं. पण कोणाला झालेल्या हानीबद्दल? ग्राहकाला. विसरवाडीजवळ रस्त्याच्या कडेने मजुरीला निघालेला माणूस त्या गाडीचा ग्राहक नाही. त्याच वर्षी मोटार कायद्यात सदोष गाड्या परत मागवायची तरतूद आली. त्याने गाडी परत जाते, त्याच्या घरी पैसे येत नाहीत.

ब्रिटनने 2018च्या कायद्यात साधा क्रम लावला: गाडी स्वतः चालत असताना अपघात झाला तर विमा कंपनीने जखमीला आधी पैसे द्यायचे, मग उत्पादकाकडून वसूल करायचे. संगणकाच्या पोटात काय चुकलं याचा पुरावा नंदुरबारच्या न्यायाधिकरणात त्या मजुराच्या विधवेने कुठून आणायचा? ते भांडण दोन कंपन्यांनी आपसांत करावं.