आयुध कर्मचाऱ्याचे सर्वोच्च पदक

नौदलाच्या विमानशाखेतील शौर्यपदकांचा विषय निघाला, की नजर आपसूक वैमानिकांकडे वळते. विमान उड्डाणास सज्ज ठेवणारा जमिनीवरचा कर्मचारी त्या यादीत क्वचितच आढळतो. अमेरिकी नौदलातील जॉन विल्यम फिन हे त्याला ठळक अपवाद. ‘मेडल ऑफ ऑनर’ हा त्या देशाचा सर्वोच्च लष्करी सन्मान; आपल्याकडील परमवीर चक्राच्या तोडीचा. तो मिळविणारे विमान-आयुध विभागातील ते एकमेव कर्मचारी होत.

कॅलिफोर्नियात १९०९ साली जन्मलेले फिन १९२६ मध्ये नौदलात दाखल झाले. १९४१ साली ते हवाई बेटांपैकी ओआहूवरील कानेओहे बे या नौदलाच्या विमानतळावर चीफ पेटी ऑफिसर होते. ‘कॅटालिना’ या सागरी गस्ती विमानांच्या एका तुकडीतील मशिनगन आणि बॉम्ब यांची देखभाल त्यांच्याकडे होती.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमाने पर्ल हार्बरच्या काही मिनिटे आधी कानेओहेवर तुटून पडली. तळावरील ३३ कॅटालिनांपैकी २७ नष्ट झाल्या, उरलेल्या सहांचे नुकसान झाले. घरी असलेले फिन तातडीने तळावर पोहोचले. प्रशिक्षणासाठीच्या तिवईवर त्यांनी अर्धा इंची मशिनगन चढविली आणि कोणताही आडोसा नसलेल्या मोकळ्या जागेतून सुमारे दोन तास मारा केला. अंगावर २१ जखमा झाल्या, तरी उपचारासाठी त्यांना हलविण्याकरिता स्पष्ट हुकूम द्यावा लागला. मलमपट्टी होताच ते परतले आणि गस्तीवरून आलेल्या विमानांवर पुन्हा शस्त्रास्त्रे चढविण्याच्या कामावर देखरेख करू लागले. मानपत्रात गोळीबाराबरोबर या कामाचीही नोंद आहे. हे विशेषच म्हणावे लागेल. कारण एरवी असे काम ‘नित्याचे’ समजून सोडून दिले जाते.

सप्टेंबर १९४२ मध्ये ‘एंटरप्राइज’ या विमानवाहू नौकेवर अॅडमिरल चेस्टर निमिट्झ यांनी त्यांना हे पदक प्रदान केले. शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्यांना दिले जाणारे ‘पर्पल हार्ट’ही त्यांच्या नावावर आहे. पुढे अधिकारीपद मिळून १९५६ मध्ये ते लेफ्टनंट म्हणून निवृत्त झाले. २७ मे २०१० रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ‘जॉन फिन’ ही त्यांच्या नावाची विनाशिका २०१७ मध्ये पर्ल हार्बर येथेच नौदलात दाखल झाली.