प्रेमपत्रातला विषाणू आणि पेनड्राइव्हवरचा बाण

सावित्रीकाठचे महाड एके काळी खाडीतून येणाऱ्या गलबतांचे बंदर होते. पोलादपूर आंबेनळी आणि कशेडी या दोन घाटांच्या पायथ्याचे. ज्या वाटेने माल येतो, त्याच वाटेने रोगही येतो, हे अशा गावांना सांगावे लागत नाही. संगणकाच्या विषाणूलाही असाच वाहक लागतो. ज्या यंत्राला इंटरनेटची जोडणीच नाही, तिथे तो पेनड्राइव्हवर बसून पोहोचतो. अर्जाची प्रत काढायला झेरॉक्सच्या दुकानात गेलेला विद्यार्थी घरी येऊन पाहतो, तर प्रत्येक फोल्डरच्या चित्रावर एक छोटासा बाण. फोल्डर नाहीसे झालेले असतात आणि त्यांच्या जागी शॉर्टकट उभे असतात.

या बाणामागची युक्ती समजण्यासाठी काही वर्षे मागे, मनिलापर्यंत जावे लागते.

गुरुवार, ४ मे २०००. फिलिपिन्समधून निघालेला एक ईमेल सूर्याबरोबर पश्चिमेकडे सरकत गेला. जिथे कचेऱ्या उघडत, तिथे तो पोहोचे. विषय ‘आय लव्ह यू’, आणि सोबत ‘लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस’ नावाची फाइल. विंडोज त्या काळी नावाचा शेवटचा तुकडा मुळातच दाखवत नसे, म्हणून वाचणाऱ्याला दिसे ते साधे टीएक्सटी, म्हणजे निरुपद्रवी मजकूर. ब्रिटिश संसदेला आपली ईमेल यंत्रणा काही काळ बंद ठेवावी लागली.

लपलेला ‘व्हीबीएस’ म्हणजे व्हिज्युअल बेसिक स्क्रिप्ट. नेहमीचा प्रोग्राम यंत्राच्या भाषेत रूपांतरित होऊन येतो आणि माणसाला तो उघडून वाचता येत नाही. स्क्रिप्ट मात्र साध्या अक्षरांतली आज्ञांची यादी असते. विंडोजमधला ‘डब्ल्यूस्क्रिप्ट’ हा दुभाषा ती ओळीओळीने वाचून अमलात आणतो. म्हणजे हा विषाणू स्वतःची संहिता उघडी घेऊनच हिंडत होता. नोटपॅडमध्ये उघडली की सगळा बेत समोर. आरंभीच्या ओळींत तर मनिलाचे नाव आणि शाळेत जाण्याचा तिटकारा आल्याची कबुलीही होती!

या उघडेपणामुळेच निदान सोपे झाले. संहितेत सरळ लिहिलेले होते, की विषाणू ‘एमएसकर्नल३२’ आणि ‘विन३२डीएलएल’ या भारदस्त नावांनी विंडोजच्या फोल्डरांत आपल्या प्रती ठेवतो, यंत्र सुरू होताच त्या चालाव्यात म्हणून रजिस्ट्रीत दोन नोंदी करतो आणि आउटलुकच्या पत्तेवहीतल्या प्रत्येकाला स्वतःला धाडतो. तेव्हा उपचारही त्याच क्रमाने: चालू असलेला दुभाषा थांबवा, रजिस्ट्रीतल्या नोंदी काढा, मग प्रती पुसा. हा क्रम चुकला आणि दुभाषा चालूच राहिला, तर इतर फाइलींवरचा त्याचा हल्लाही चालू राही.

पण विषाणू निघाला म्हणजे नुकसान भरून निघाले, असे नव्हते. जेपीजी छायाचित्रांच्या जागी त्याने स्वतःची संहिता लिहून ठेवली होती. ती छायाचित्रे गेलीच. दुसरीकडे प्रत असेल तरच परत मिळायची. एमपी३ गाणी मात्र त्याने फक्त लपवली होती आणि त्यांच्या नावाने स्वतःची प्रत शेजारी ठेवली होती. पुसलेले आणि लपवलेले यांतला हा भेद पुढे फार कामाचा ठरला.

उघड्या संहितेची दुसरी बाजू अशी, की ती ज्याला वाचता आली त्याला बदलताही आली. काही दिवसांतच ‘मदर्स डे’च्या खरेदीची पावती म्हणून एक अवतार आला, विनोद म्हणून दुसरा, एकाने तर चक्क विषाणूविरोधी कंपनीच्या इशाऱ्याचे सोंग घेतले. ठरावीक ओळी शोधून विषाणू ओळखणाऱ्या प्रणालींना प्रत्येक वेषांतरामागे धावावे लागले.

संशयित होता ओनेल दे गुझमान हा मनिलाचा विद्यार्थी. परंतु फिलिपिन्समध्ये अशा कृत्याला लागू पडणारा कायदाच नव्हता. जूनमध्ये तो झाला, पण मागील कृत्याला लावता आला नाही, आणि ऑगस्टमध्ये आरोप मागे घ्यावे लागले. भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदाही त्याच वर्षीचा. १७ ऑक्टोबर २००० रोजी तो अमलात आला आणि त्याच्या कलम ४३ मध्ये संगणक विषाणूची व्याख्याच दिलेली आहे.

महाराष्ट्रात या लढाईची तयारी त्याआधीच, पुण्यात, दुरुस्तीच्या टेबलावर सुरू झाली होती. सातारा जिल्ह्यातून आलेल्या कुटुंबातील कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्याच्या कामाला लागले आणि पुढे संगणकांकडे वळले. दुरुस्तीला आलेल्या यंत्रांत वारंवार विषाणू सापडत, म्हणून संगणकशास्त्र शिकणारे धाकटे बंधू संजय यांनी ते काढणारी साधने लिहिली. १९९५ मध्ये त्यांतूनच ‘क्विक हील’ आले. टेबलावर पडलेल्या बिघाडातून निघालेले हे काम २०१६ मध्ये शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीपर्यंत पोहोचले.

आता पुन्हा बाणाकडे. सुरुवातीचे पेनड्राइव्हवरचे विषाणू ‘ऑटोरन’वर विसंबून होते, ड्राइव्ह जोडताच ते आपोआप चालत. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या विंडोजमध्येही ती सोय अपडेटद्वारे बंद करायला घेतली. तेव्हा विषाणू लिहिणाऱ्यांनी मनिलाचीच चाल उचलली: माणसाने स्वतःच्या हाताने दाबावे असे ओळखीचे काहीतरी पुढे ठेवायचे. २०१३ च्या सुमारास पसरलेला ‘हुदिनी’ हा व्हीबीएस विषाणू खऱ्या फाइली लपवतो आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट मांडतो. ते दाबले की फाइलही उघडते आणि विषाणूही चालतो, त्यामुळे शंका येत नाही.

खरा घात होतो तो यानंतर. सगळे गेले असे समजून घाबरलेला माणूस पेनड्राइव्ह फॉरमॅट करतो, आणि विषाणूने शाबूत ठेवलेले काम स्वतःच पुसतो. वास्तविक ड्राइव्हची भरलेली जागा पाहिली तरी कळते, की मजकूर आतच आहे. आधी दुभाषा थांबवावा, शॉर्टकट आणि व्हीबीएस फाइल पुसावी, मग ‘अ‍ॅट्रिब’ या आज्ञेने लपवल्याची खूण काढावी. फोल्डर जागच्या जागी परत दिसतात. मात्र हे सारे स्वच्छ यंत्रावर करायचे. ज्या संगणकावरून बाण आला, तो तसाच राहिला, तर तिथे जोडलेल्या पुढच्याच पेनड्राइव्हवर पुन्हा बाण उमटतो.