आठ फूट की नऊ फूट

आमच्या जुन्नर तालुक्यात मालाची कुठलीही गाडी म्हणजे टेम्पो. हे नाव मुळात हॅम्बुर्गच्या एका जर्मन कारखान्याचं. फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीनं 1958 मध्ये त्या तीनचाकी गाड्या इकडं काढल्या आणि ते नाव गावोगावी जे रुतलं ते रुतलंच. पुढं 1986 ला टेल्कोची 407 आली, 2005 ला टाटांचा छोटा हत्ती आला, मग पिकअप आल्या. सगळे टेम्पोच. शेतकरी मात्र गाडीकडं बघतो ते मागून. हौदा किती फुटी, फाळका कसा पडतो, पाटे किती, इंजिनाचं नंतर.

आबांच्या उमेदीत मुंबईचा भाजीबाजार भायखळ्याला होता. तो वाशीला गेला 1996 मध्ये. माल रानातून बैलगाडीनं नाहीतर डोक्यावरनं फाट्यापर्यंत यायचा आणि तिथं चार-पाच शेतकऱ्यांच्या करंड्या मिळून एक ट्रक भरायचा. ज्याच्या त्याच्या करंडीवर ज्याची त्याची खूण. ट्रक रात्री माळशेज उतरायचा, पट्टी यायची पुढं केव्हातरी. इतक्या लांबच्या बाजाराला मोठीच गाडी परवडते, कारण ड्रायव्हर एकच लागतो, मग माल अर्धा असो की पुरा. नारायणगावला टोमॅटोचा बाजार वाढला आणि हे गणित फिरलं. बाजार इतका जवळ आला, की सकाळी एक खेप टाकून दुपारी दुसरी करता येऊ लागली.

आमच्या घरी पिकअप घ्यायची ठरली तेव्हा दादा नऊ फुटी हौद्यावर अडून बसला. त्याचा हिशोब पक्का होता. टोमॅटोचा क्रेट साधारण पावणेदोन फूट लांब. लांबीत लावला तर आठ फुटांत 4 ओळी बसतात आणि नऊ फुटांत 5. रुंदीत 4 क्रेट, वर 5 थर. म्हणजे एकीत 80, दुसरीत 100. फुटभर लोखंडात 20 क्रेट जास्त! मला स्वतःला हा हिशोब अजून आवडतो. पण 20 किलोच्या 100 क्रेटचे 2 टन होतात आणि गाडी पास असते त्याहून कमी वजनाला. शिवाय वाढलेला फूट मागच्या चाकांच्याही मागं लोंबतो. तिथं ओझं पडलं की पुढची चाकं हलकी होतात आणि चढावर स्टेअरिंग हातात राहत नाही. पत्र्यांना, ठिबकच्या बंडलांना लांब हौदा चांगला. पाण्याचे 20 फुटी पाइप दोन्हीतून बाहेरच येतात, त्यांना लाल फडकं बांधायचंच.

खरी अडचण पाणंदीची. आमची पाणंद बैलगाडीच्या चाकोरीइतकी. रानाच्या तोंडाशी ती काटकोनात वळते आणि वळणावर चुलत्यांचा बांध. आठ फुटी गाडी दोनदा मागं-पुढं करून निघते. नऊ फुटीचं चॅसीही लांब, तिला बांधातली हातभर जागा हवी. ती मागायची कुणी? आबा आणि चुलते वाटणीनंतर बारा वर्षं बोलले नव्हते. दादा म्हणाला, "गाडी वळणावर उभी करू. तिथून रान किती, दोनशे पावलं."

आई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "दोनशे पावलं. शंभर क्रेट. कोन वाहनार? तू?"

कुणी बोललं नाही. आमच्या रानात तोड्याला बाया असायच्या. क्रेट उचलून द्यायला गडी, वाहायला बाया, ही रीत. करंड्यांच्या काळात फाट्यापर्यंतचं ओझं आईनंच वाहिलं होतं. तिच्या मानेचं दुखणं तेव्हापासूनचं. गाड्यांच्या इतिहासात कंपन्यांची नावं येतात, साल येतं, टनांचा आकडा येतो. बांधापासून हौद्यापर्यंतचं अंतर कुणी लिहून ठेवत नाही. ते बायांनी तोडलं.

आठ फुटी आली. फाळका थेट सरीच्या तोंडाशी पडू लागला, क्रेट हातोहात चढू लागले. भाव असला की दिवसाला दोन खेपा, डिझेल दुप्पट. दादा प्रत्येक पावतीला कुरकुरायचा आणि त्याचं काही खोटं नव्हतं. भाव पडला त्या वर्षी दुसऱ्या खेपेचं डिझेलही सुटलं नाही आणि उरलेला माल बांधावरच ओतला.

पाणंद रस्त्यांची मातोश्री योजना 2021 ला निघाली. गावात अर्ज झाले. आबा गेल्यावर चुलते दारी येऊन बसले होते, तेव्हा आईनंच त्यांच्याकडं बांधाचा विषय काढला. सहीला ते नाही म्हणाले नाहीत. खडी अजून पडायची आहे.

आता दहा फुटी हौद्याची पिकअपही मिळते. परवा पुतण्यानं मोबाइलवर तिचा फोटो दाखवला. दादानं तो मोठा करून पाहिला, काही न बोलता टेप काढली आणि पाणंदीकडं गेला.